जुना माळवा : मुरण्याचे मोल

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, तिची कधी परीक्षा करून पाहावी असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. तूप जुने झाले की औषधी ठरते, तांदूळ जुना झाला की मोकळा शिजतो, लोणचे मुरले की त्यास खरी रुची येते, हे खरे. परंतु तेच तेल जुने झाले की खवट होते, आणि पीठ जुने झाले की त्यात जाळी धरते. एवंच, काळ सर्व पदार्थांस सारखाच मानवतो असे नाही. मग तो कोणास मानवतो, का मानवतो, आणि मानवला तर त्याचा लाभ अखेर कोणाच्या पदरात पडतो, हे तीन प्रश्न स्वतंत्र आहेत. त्यांपैकी पहिले दोन रसज्ञांचे व शास्त्रज्ञांचे. तिसरा मात्र इतिहासाचा आहे, आणि त्याचाच विचार येथे मुख्यत्वे करण्याचा आमचा हेतू आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते धूम्रपानाच्या शौकिनांत चालत आलेल्या एका वादाचे. उंची सिगार, मग तो हवानाचा असो वा आपल्याकडील दिंडिगल-तिरुचिरापल्लीचा असो, सुगंधी लाकडाच्या पेटीत काही वर्षे ठेवला तर अधिक चांगला होतो काय? एक पक्ष म्हणतो, होतो. त्याचा उग्रपणा जातो आणि धुरास गोलाई येते. दुसरा पक्ष म्हणतो, तो केवळ निस्तेज होतो आणि त्या निस्तेजपणासच लोक सौम्यता समजतात. वाद बारीक दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आमच्या माळव्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलेली आहे. म्हणून त्याचे उत्तर सिगारच्या दुकानात न शोधता आम्ही देवास जिल्ह्यातील सोनकच्छच्या परिसरात शोधणार आहोत.

प्रथम तंबाखूविषयी थोडेसे. पोर्तुगीजांबरोबर ही वनस्पती दक्षिणेत आली आणि तेथून उत्तरेस गेली. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग हा विजापुराहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू व रत्नजडित हुक्का ठेवला. दरबारच्या हकिमांनी त्यास हरकत घेतली, ही हकीकत इतिहासज्ञांच्या परिचयाची आहे. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस बंदी केली. परंतु व्यसन फर्मानास जुमानीत नाही. पुढे हुक्का सर्वत्र रूढ झाला, आणि शिंद्यांच्या राज्यातील भेलशाचा, म्हणजे आजच्या विदिशेचा, तंबाखू हिंदुस्थानात सर्वोत्तम म्हणून नावाजला गेला.

हुक्क्याच्या तंबाखूचा एक प्रकार ‘खमिरा’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. खमीर म्हणजे आंबवण. कुटलेल्या तंबाखूत गूळ, फळांचा गर व मसाले मिसळून तो मडक्यात भरीत, मडक्याचे तोंड बंद करीत आणि ते जमिनीत पुरून दीर्घकाळ मुरू देत. म्हणजे तंबाखू मुरवावा लागतो, हे ज्ञान आपल्याकडे सिगारच्या पेटीबरोबर आले नाही. ते आधीच येथे नांदत होते. सिगारच्या बाबतीतही मुख्य क्रिया पेटीत घडत नाही. पाने वाळल्यावर त्यांचे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, अमोनिया बाहेर पडतो, ढीग उलटेपालटे करतात, मग गासड्या बांधून पाने पुन्हा ठेवून देतात. सिगार वळला जाईपर्यंत त्याचे निम्मे आयुष्य सरलेले असते. पेटीतील वर्षे ही त्या क्रियेची केवळ मंद अशी शेपटी होय. म्हणून जाणकारांचे मत असे की, जात्या कसदार व उग्र पानास काळ सौम्य करतो, जात्या सौम्य पानास तो फिका करतो, आणि वाईट पानास मात्र तो कधीही चांगले करीत नाही. हा तिसरा सिद्धांत वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो आपणांस पुढे उपयोगी पडणार आहे.

आता माळव्याकडे वळू. इंदुराहून भोपाळास जाणाऱ्या रस्त्यावर, देवासच्या पुढे, काळीसिंध नदीच्या काठी सोनकच्छ वसले आहे. संस्थानी काळात हा परगणा ग्वाल्हेर राज्याच्या शाजापूर जिल्ह्यात मोडत असे. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाल्यानंतर तो देवास जिल्ह्यात आला. पलीकडे देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार, दक्षिणेस इंदूरचे होळकर, पश्चिमेस धारचे पवार, आणि ह्या साऱ्यांच्या अधूनमधून शिंद्यांचा मुलूख, अशी ह्या भागाची गुंतागुंत होती. राज्ये निराळी असली तरी जमीन एकच होती : काळी, भारी, ओल धरून ठेवणारी. विहिरीचे पाणी व भरपूर खत मिळाले की ह्या जमिनीत जे पीक सोन्याच्या मोलाचे होई, ते गहू नव्हे, कापूसही नव्हे, ते अफूचे.

सिगारवरून आम्ही अफूवर आलो, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या अफूमुळे माळव्याचे नाव समुद्रापार गेले, ती बहुतांशी औषधासाठी नव्हे तर धूम्रपानासाठी जात होती, आणि तिची किंमत तिच्या वयावर ठरत होती. धूम्रपानाच्या मुरलेल्या मालाचे इतके मोठे उदाहरण मराठी राज्यकर्त्यांच्या मुलखात दुसरे नाही.

पेरणी नोव्हेंबरच्या आसपास होई आणि फेब्रुवारी-मार्चात बोंडे चिरली जात. दुपारनंतर बोंडांस बारीक चिरा द्यावयाच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यावयाचा, आणि हेच त्याच बोंडावर पुन्हा तीन-चार वेळा करावयाचे. हे काम घाईचे आणि सर्व घरादाराचे असे. चीक वाळून घट्ट होऊ नये म्हणून तो जवसाच्या तेलात ठेवीत. येथपर्यंतचा भाग कुणब्याचा. ह्यापुढे त्याच्या हातून माल जाई, आणि जेथे कुणबी संपे तेथेच मुरण्यास प्रारंभ होई.

व्यापाऱ्याच्या वखारीत चीक दुहेरी कापडाच्या पिशव्यांत भरून अंधाऱ्या खोलीत महिना-दीड महिना टांगीत, म्हणजे तेल निथळून जाई. पावसाळा सुरू झाला की पिशव्या उतरवून माल तांब्याच्या मोठ्या परातींत एकत्र करीत आणि तो मळीत, तुडवीत. मग त्याचे सुमारे पाव शेराचे वा किंचित अधिक वजनाचे गोळे करून ते अफूच्याच पानांच्या चुऱ्यात घोळवीत आणि वाळलेल्या पाल्यावर मांडून ठेवीत. गोळे ऑक्टोबरपर्यंत सावकाश वाळत, आणि मग सुमारे १४० पौंडांची एकेक पेटी भरली जाई. पावसाळ्यातच हे काम का करीत, ह्याचे कारण उघड आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनी गोळा बाहेरून टणक होऊन भेगाळला असता. दमट हवेत तो आतबाहेर सारखा वाळे. सिगारच्या पेटीत ओलावा राखण्याची जी खटपट आज शौकीन करतात, ती माळव्यातील वखारवाल्यांनी श्रावण-भाद्रपदाच्या हवेवर सोपविली होती.

येथे बंगाल व माळवा ह्यांतील भेद सांगणे अवश्य आहे. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्त्याखाली पाटणा व गाझीपूर येथे तयार होई. तिच्यात शंभरातील सुमारे २५ भाग पाणी राही. माळव्याच्या अफूत ते ५ ते १० भागच राही. माळव्याचा माल अधिक कोरडा असल्यामुळे टिकाऊ होता, आणि टिकाऊ असल्यामुळेच तो जुना होऊ शकत होता. चीनच्या बंदरांतील भावपत्रकांत ‘नवा माळवा’ आणि ‘जुना माळवा’ ह्यांचे भाव निरनिराळे छापले जात. विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्याचा भाव सामान्यतः चढा असे. कांदहार किंवा दिल्ली नव्हे, तर काळीसिंधेच्या काठचा मुलूख शांघायच्या व्यापाऱ्यास नावाने आणि वयाने ठाऊक होता, ही गोष्ट आमच्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

जुन्यास अधिक भाव का? ह्याची तीन कारणे आम्हांस दिसतात. पहिले साधे : वाळल्यामुळे पाणी उडते, म्हणून तितक्याच वजनात सत्त्व अधिक मिळते. हे सुधारणे नव्हे, नुसते आटणे होय. दुसरे कारण चवीचे. ओढण्याची अफू कच्ची वापरीत नसत. ती पाण्यात उकळून, गाळून, आटवून तिचा पाक करीत आणि तो पाकही मुरत ठेवीत. फ्रेंचांच्या सायगाव येथील कारखान्यात हा पाक मुरण्यास कित्येक महिने लागत. क्षयावरील बी.सी.जी. लसीमुळे ज्यांचे नाव पुढे जगभर झाले त्या आल्बेर काल्मेत ह्यांनी १८९२ च्या सुमारास दाखवून दिले की, हे मुरणे म्हणजे एका काळ्या बुरशीचे काम आहे, आणि ती बुरशी मुद्दाम लावली तर तो काळ पुष्कळ कमी करता येतो. म्हणजे मुरण्यात खरोखरच काही घडते, ही केवळ शौकिनांची कल्पना नव्हे. मात्र जे घडते ते काळ करीत नाही. ते जीवजंतू, ओलावा आणि उष्णता करतात. काळ हा त्या कामावर देखरेख करणारा कारकून आहे इतकेच.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. माळव्याच्या अफूत भेसळ फार होई. सर्जन इंपी ह्यांनी १८४८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या अहवालात माळव्याच्या अफूची लागवड व तयारी ह्यांच्या जोडीला भेसळीचाही विषय मथळ्यातच घातलेला आहे, ह्यावरून त्याचे महत्त्व कळावे. बंगालच्या पेटीमागे सरकारचा शिक्का होता. माळव्याच्या पेटीमागे शेकडो निरनिराळे व्यापारी होते. नव्या गोळ्याच्या पोटात काय आहे हे वरून कसे कळावे? परंतु तीन-चार पावसाळे काढूनही जो गोळा आंबला नाही, बुरसला नाही, फुटला नाही, तो बव्हंशी शुद्ध असला पाहिजे, असे अनुमान ग्राहकास करता येई. जुनेपणा हा येथे गुण नसून साक्षीदार होता. काळाने वाईट मालास चांगले केले नाही. त्याने वाईट माल उघडा पाडला आणि जो उरला तो चांगला ठरला. सिगारविषयी वर जो तिसरा सिद्धांत सांगितला, त्याचाच हा पडताळा होय. बाजारात जुने ते सोने दिसते ह्याचे एक कारण असे की, जुन्यांपैकी जे सोने नव्हते ते वाटेतच फेकले गेलेले असते.

आता इतिहासाच्या प्रश्नाकडे येऊ. थांबण्यास मोल होते हे ठरले. पण थांबू कोण शकत होता? कुणब्यास बी-बियाणे, बैल व सरकारचा सारा ह्यांसाठी सावकाराकडून आगाऊ रक्कम घ्यावी लागे. अफूची जमीन बागायती, म्हणून तिचा आकार जिराईतापेक्षा पुष्कळ अधिक, आणि तो रोख द्यावयाचा. मार्च-एप्रिलात चीक हाती आला की तो बहुधा त्याच कर्जापोटी सावकाराच्या मडक्यात जाई. व्यापाऱ्याचा हिशेबही लहान नव्हता. १८३१ पासून कंपनीने माळव्याच्या अफूस परवान्यावर मुंबईस जाऊ देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा पेटीमागे जकात १७५ रुपये होती. ती १८३५ मध्ये १२५ वर आणावी लागली, कारण सिंधमार्गे कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास चोरवाट चालू होती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, ती वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत जकात ४०० रुपयांवर पोहोचली. समजा, एका पेटीत मालाचे व जकातीचे मिळून १,००० रुपये गुंतले, आणि व्याज दरमहा शेकडा एक धरले, तर तीन वर्षांचे सरळ व्याजच ३६० रुपये होते. हे ओझे उचलणारी पेढीच माल मुरवू शके. अशा पेढ्या उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसोर येथे होत्या, आणि समुद्रकाठी जमशेटजी जिजीभाईंसारखे व्यापारी होते. सोनकच्छच्या कुणब्याच्या घरात अफू कधीच जुनी झाली नाही. जुने झाले ते त्याचे कर्ज.

येथे कोणी म्हणेल की, जो धोका पत्करतो त्याने नफा घ्यावा हा व्यवहारच आहे. आक्षेप योग्य आहे. पडत्या भावात पेढ्याही बुडत, आणि अफूच्या सट्ट्याने माळव्यातील कित्येक घरे धुळीस मिळविली. शिवाय अमर फारूकी ह्यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखविल्याप्रमाणे, कंपनीच्या मक्त्याविरुद्ध माळव्याच्या व्यापाऱ्यांनी जी झुंज दिली तिच्यामुळेच पश्चिम भारतात देशी भांडवल उभे राहिले. तथापि ज्याच्या शेतात माल पिकला त्याच्या वाट्याला थांबण्याचा पर्यायच नसावा, हा धोक्याचा नव्हे, विषमतेचा प्रश्न आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात ‘छप्पनिया’ म्हणून आजही स्मरला जातो. तो संवत १९५६ चा. सुकाळाचा मुलूख म्हणून इतरांस आश्रय देणाऱ्या माळव्यातच माणसे अन्नावाचून मेली, आणि १९०१ च्या खानेसुमारीत मध्य भारताची लोकसंख्या मागील गणनेहून घटलेली आढळली. वखारीतील मुरलेला गोळा चढ्या भावाचा असला, तरी तो पोटात घालण्याची वस्तू नव्हती.

आणि ह्या साऱ्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकास कोण होते, हे विसरून चालणार नाही. ज्या रसिकतेने ‘जुना माळवा’ पारखला जाई, तिच्यामागे चीनमधील असंख्य उद्ध्वस्त संसार होते. अखेर १९०७ मध्ये इंग्रज व चीन सरकारांत करार ठरला. १९०८ पासून निर्यात दरवर्षी एक दशांशाने घटवावयाची असे त्यात होते, आणि १९१३ मध्ये चीनसाठी होणारी विक्री बंदच झाली. मग शांघाय व हाँगकाँग येथे पडून असलेल्या साठ्याचे भाव भडकले. आता अफू चांगली असल्यामुळे नव्हे, तर नवी येणार नाही म्हणून जुनी मोलाची झाली. दुर्मिळपणा हाच गुण ठरण्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण कोणते? पण त्या साठ्याचाही शेवट झाला. उरलेला माल चीन सरकारने विकत घेतला आणि जानेवारी १९१९ मध्ये शांघायच्या पलीकडे पुदोंग येथे जाहीरपणे जाळून टाकला. इतकी वर्षे राखून ठेवलेल्या, हिंदुस्थानच्या शेतांतून आलेल्या त्या चिकाचा अखेर धूरच झाला; फक्त तो कोणाच्या नळीतून निघाला नाही.

हा प्रश्न अफूबरोबर संपला असे मात्र नाही. मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर, निपाणीच्या परिसरात, विडीच्या तंबाखूची तीच कथा पुढे घडली. तंबाखू कमावून, साठवून योग्य वेळी विकला तर मोल येते, हे तेथील शेतकऱ्यास व्यापाऱ्याइतकेच कळत होते. पण वखार व्यापाऱ्याची होती, आणि देणी शेतकऱ्याच्या दारात उभी होती. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला. ६ एप्रिल रोजी ते आंदोलन मोडण्यात आले आणि गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. पीक निराळे, शतक निराळे, राज्यव्यवस्था निराळी. परंतु थांबण्याचे सामर्थ्य कोणाकडे, हाच प्रश्न तेथेही होता.

तेव्हा मूळ वादाचा निकाल आम्ही असा देतो. माल मुरल्याने सुधारतो, पण तो जात्या कसदार असेल आणि त्याची निगा राखली गेली असेल तरच. जुन्याचे जे मोल बाजारात दिसते, त्यात खऱ्या सुधारणेचा अंश थोडा, पारखीचा अंश मोठा आणि दुर्मिळपणाचा अंश कधीकधी सर्वांहून मोठा असतो. आणि ते मोल ज्याच्या घामातून निर्माण होते त्याच्या हाती ते क्वचितच लागते, कारण मुरवण्यासाठी माल पुरेसा नसतो. पोटापुरते आधीच असावे लागते.

आज सोनकच्छच्या शिवारात अफू नाही. माळव्यात सर्वत्र दिसते ते सोयाबीन. अफूची परवान्याची लागवड मुख्यत्वे मंदसोर, नीमच व रतलाम ह्या बाजूस होते, तीही सरकारी देखरेखीखाली आणि औषधासाठी. परंतु पेढ्यांच्या वह्या, कमाविसदारांची पत्रे, साऱ्याच्या पावत्या, असे कागद देवास, धार, उज्जैन व इंदूर येथील जुन्या मराठी व मारवाडी घरांच्या माळ्यांवर कोठे ना कोठे असतील. राजघराण्यांचे पत्रव्यवहार आपल्या पूर्वसूरींनी मोठ्या कष्टाने जमविले. कुणब्याच्या देण्याचा हिशेब मात्र अद्याप जमविला गेलेला नाही. माळव्यातील शिक्षकबंधूंनी व अकादमीच्या सभासदांनी आपापल्या गावी ह्या कागदांची विचारपूस करावी, त्यांतील मोडी वाचणारी माणसे हयात आहेत तोवर करावी, अशी आमची विनंती आहे. अफूचा गोळा चार पावसाळे काढून अधिक मोलाचा होत असे. कागदाचे तसे नाही. तो मुरत नाही. त्यास वाळवी लागते.